मध्यमलहरींवरचा संवाद : नागपूर आकाशवाणी आणि वऱ्हाडचा श्रोता

लोकशाही राज्यव्यवस्थेत शासनाचे म्हणणे जनतेपर्यंत पोचणे जितके आवश्यक, तितकेच जनतेचे म्हणणे शासनापर्यंत पोचणे अगत्याचे असते. वृत्तपत्र हे त्याचे एक साधन होय. परंतु १९५१ च्या जनगणनेच्या वेळी ज्या देशात साक्षरतेचे प्रमाण अवघे अठरा टक्क्यांच्या आसपास होते, त्या देशात छापील शब्दाला फार मोठी मर्यादा होती. ती मर्यादा ओलांडण्याचे काम बोललेल्या शब्दाने केले आणि तो शब्द वाहून नेला मध्यमलहरींवरील नभोवाणीने.

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्री हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. नागपूरपासून हे गाव सरळ रेषेत मोजले तरी पावणेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर, तर जळगावपासून शंभरएक किलोमीटर आणि छत्रपती संभाजीनगरपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर अंतरावर आहे. बोली वऱ्हाडी, पिके कापूस, ज्वारी व तुरीची आणि बाजारपेठ खामगाव-चिखलीची. अशा गावातील श्रोत्याला ‘आपले’ केंद्र कोणते, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. या प्रश्नाच्या उत्तरातच विदर्भातील नभोवाणीचा इतिहास सामावलेला आहे.

प्रारंभीचा काळ

भारतात नभोवाणीचा आरंभ हौशी मंडळींच्या प्रयत्नांतून झाला. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ च्या जूनमध्ये पहिले प्रक्षेपण केले. त्यानंतर २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. ही खाजगी कंपनी तीन वर्षेही तग धरू शकली नाही. रेडिओ संच महाग, परवानाधारक मोजके आणि उत्पन्न तुटपुंजे, अशा स्थितीत १९३० साली कंपनीचे दिवाळे निघाले व प्रक्षेपणाचे काम सरकारने आपल्याकडे घेतले. जून १९३६ मध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. ‘आकाशवाणी’ हा शब्द मात्र म्हैसूरचा. तेथे १९३५ साली प्रा. गोपालस्वामी यांनी सुरू केलेल्या केंद्राचे ते नाव पुढे साऱ्या देशाने स्वीकारले.

स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी भारताच्या वाट्याला दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ ही सहाच केंद्रे आली. देशाच्या अडीच टक्के भूभागावर व अकरा टक्के लोकसंख्येपर्यंतच त्यांचा आवाज पोचत होता. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या हिशेबी नभोवाणी ही त्या काळी शहरातील श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील वस्तू होती.

स्वतंत्र भारताचे पहिले माहिती व नभोवाणी मंत्री सरदार वल्लभभाई पटेल यांच्या कारकिर्दीत नवी केंद्रे उघडण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्याच कार्यक्रमात जुलै १९४८ मध्ये नागपूर केंद्र सुरू झाले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. साहजिकच या केंद्राला आरंभापासून मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांचा संसार सांभाळावा लागला. बुलढाणा जिल्हा याच प्रांताचा भाग असल्याने उंद्रीच्या श्रोत्याचे प्रशासकीयदृष्ट्या ‘आपले’ केंद्र नागपूर हेच ठरले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. राजधानी बदलली, तरी कानाला सवय झालेला नागपूरचा आवाज बदलला नाही. प्रादेशिक वृत्तविभाग देशात प्रथम ज्या थोड्या केंद्रांवर उघडण्यात आले त्यांत, १९५४-५५ च्या सुमारास, नागपूरचा समावेश होता, ही गोष्टही या केंद्राचे महत्त्व दर्शविते.

लहर कशी प्रवास करते ?

नभोवाणी केंद्राचा आवाज किती दूर पोचतो, हे केवळ यंत्राच्या शक्तीवर अवलंबून नसते. मध्यमलहरींच्या प्रक्षेपणात निवेदकाच्या आवाजातील चढउतारांप्रमाणे वाहक लहरीची उंची कमीअधिक केली जाते. ही लहर दिवसा मुख्यतः जमिनीला धरून चालते. ओलसर, भुसभुशीत जमिनीवरून ती दूरवर जाते. कोरड्या, खडकाळ भागात लवकर क्षीण होते. डोंगर आडवा आला तरी ती काही प्रमाणात त्याला वळसा घालू शकते. अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या आश्रयाने वसलेल्या बुलढाणा जिल्ह्याला हा गुण विशेष उपयोगाचा ठरला.

रात्री वेगळाच प्रकार घडतो. सूर्याच्या किरणांनी वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्भारित कणांचे थर निर्माण होतात. त्यांपैकी सर्वांत खालचा थर दिवसा मध्यमलहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर हा थर नाहीसा होतो आणि लहरी अधिक उंचावरील थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणूनच रात्री वऱ्हाडातील साध्या संचावर दूरदूरची परप्रांतीय केंद्रे एकमेकांत मिसळून ऐकू येत. याच कारणाने जवळचे स्टेशन रात्री कधी ठळक तर कधी अस्पष्ट होत असे. वळवाच्या दिवसांत वीज चमकली की संचातून खरखर उमटे, कारण विजेच्या लखलखाटानेही लहरीच्या उंचीत ढवळाढवळ होते.

नागपूर केंद्र अनेक वर्षे ५८५ किलोहर्ट्झवर ऐकले गेले. या लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर भरते. अशा लहरीसाठी पाव लांबीचा मनोरा उभारावयाचा म्हटला, तरी तो सव्वाशे मीटरांहून उंच होतो. पटेलांच्या काळातील नव्या केंद्रांपैकी बहुतेकांची शक्ती अल्प होती आणि तेवढ्या शक्तीचा आवाज भर दिवसा उंद्रीपर्यंत स्पष्ट पोचणे अशक्यप्राय होते. पुढे नागपूरला तीनशे किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक लाभला, तेव्हा कोठे वऱ्हाडचा पश्चिम टप्पा खऱ्या अर्थाने त्याच्या पल्ल्यात आला. १९६० च्या दशकात परभणी आणि १९७० च्या दशकात जळगाव ही केंद्रे सुरू झाल्यावर बुलढाणा जिल्ह्यातील श्रोत्याला निवडीला वाव मिळाला. जळगावचे केंद्र अंतराने जवळचे, तर नागपूरचे केंद्र प्रांताने व बोलीने आपले, अशी ही विभागणी होती.

चावडीवरचा संच

प्रक्षेपण झाले तरी ऐकण्यासाठी संच हवा. पन्नाशीच्या दशकातील निर्वात नलिकांचे संच आकाराने मोठे, किमतीने जड आणि विजेवर अवलंबून असत. ज्या गावात वीजच नाही तेथे मोठ्या कोरड्या बॅटरीवर संच चालवावा लागे. बॅटरी संपली की नवी येईपर्यंत संच मुका होई. घराच्या कौलावर आकाशतार ताणावी लागे व दुसरी तार ओल्या जमिनीत पुरावी लागे. शिवाय १९३३ च्या कायद्यान्वये संच बाळगण्यासाठी परवाना आवश्यक होता व त्याचे वार्षिक शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. या परवानापद्धतीचा शेवट ऐंशीच्या दशकात झाला.

एका कुटुंबाला न पेलणारी वस्तू गावाने मिळून घ्यावी, या विचारातून सामुदायिक श्रवणाची योजना पुढे आली. ग्रामपंचायतीत किंवा चावडीवर एक संच ठेवावयाचा आणि सायंकाळी ठरलेल्या वेळी गावकऱ्यांनी एकत्र बसून ग्रामीण कार्यक्रम ऐकावयाचा, असे तिचे स्वरूप होते. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली अमेरिकेत लागला होता. साठीच्या दशकात ट्रान्झिस्टरचे छोटे संच आपल्या खेड्यांत पोचू लागले आणि चित्र पालटले. संच चावडीवरून घरात आला, घरातून खांद्याला अडकवून शेतात गेला. ऐकणारे वाढले, मात्र एकत्र ऐकणे कमी झाले. या फेरबदलाचे मोल समजण्यासाठी महाराष्ट्रातच झालेल्या एका प्रयोगाकडे वळले पाहिजे.

पुण्याचा प्रयोग आणि त्याची शिकवण

कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची नभोवाणी मंडळे चालविली जात होती. वाचा, ऐका, चर्चा करा आणि कृती करा, असा त्यांचा मंत्र होता. त्या धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ मध्ये पुणे केंद्राच्या क्षेत्रात एक प्रयोग करण्यात आला. मराठी भाषिक पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे असे एकूण वीस कार्यक्रम प्रक्षेपित झाले. कार्यक्रम संपताच मंडळातील सुमारे वीस सभासद त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व निर्णय केंद्राकडे कळवीत. पुढील कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले. त्यासाठी मंडळे असलेली वीस गावे व मंडळे नसलेली वीस गावे निवडण्यात आली. मंडळे नसलेल्या गावांपैकी काहींत रेडिओ होता, काहींत नव्हता. निष्कर्ष असा निघाला की, जेथे मंडळ होते तेथील लोकांच्या ज्ञानात ठळक भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता तेथे ती अगदी थोडी पडली. नभोवाणीच्या इतिहासात हा निष्कर्ष मोलाचा मानला पाहिजे. गावात नुसता आवाज पोचवून भागत नाही. ऐकलेल्या गोष्टीवर बोलण्याची आणि ते बोलणे परत केंद्रापर्यंत पोचण्याची सोय झाली, तरच माहितीचे ज्ञानात रूपांतर होते. नोव्हेंबर १९५९ पासून ही श्रोतृमंडळांची योजना देशभर लागू करण्यात आली.

शेतीची भाषा

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात देश अन्नधान्याच्या टंचाईने ग्रासलेला होता. १९६६ मध्ये आकाशवाणीच्या निवडक केंद्रांवर ‘शेती व गृह’ विभाग उघडण्यात आले. तामिळनाडूतील तंजावर भागात भाताच्या नव्या वाणाचा प्रसार नभोवाणीवरून इतका झाला की, शेतकरी त्याला ‘रेडिओ भात’ म्हणू लागले. महाराष्ट्रात त्याच सुमारास संकरित ज्वारी आली. १९६९ मध्ये अकोला येथे पंजाबराव कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. पुढे कपाशीचे संकरित वाण आले. त्यापाठोपाठ खतांच्या मात्रा, फवारणीची वेळ आणि बीजप्रक्रिया अशी एक नवी परिभाषाच शेतकऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

या परिभाषेचे शेतकऱ्याच्या बोलीत रूपांतर करणे हे नभोवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांचे खरे कार्य होते. तज्ज्ञाने कागदावरून वाचलेले भाषण लवकर विसरले जाते. परंतु तीच गोष्ट दोन पात्रांनी गप्पांच्या ओघात सांगितली, एकाने शंका काढली व दुसऱ्याने तिचे निरसन केले, की ती स्मरणात राहते. म्हणून संवाद, श्रुतिका, मुलाखत व पत्रोत्तर हे प्रकार या कार्यक्रमांत रुळले. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांसारखा श्रेष्ठ कथाकार काम करीत होता, यावरून या कामाला किती कसदार लेखणी लागते हे ध्यानात येईल. १९७२ च्या भीषण दुष्काळात आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात बाजारभाव, हवामान आणि शासकीय निर्णय वेळेवर कळणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने चैनीची बाब नव्हती. कापसाची गाडी कोणत्या दिवशी जुंपावयाची, हा त्याच्या वर्षभराच्या मिळकतीचा प्रश्न होता.

गाणी आणि बोलणे

श्रोता केवळ उपदेशासाठी रेडिओ लावीत नाही, हेही तितकेच खरे. नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकर यांच्या काळात चित्रपटगीतांवर बंधने आली, तेव्हा श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. त्यातूनच ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा जन्म झाला. जाहिरातींचे प्रक्षेपण १ नोव्हेंबर १९६७ रोजी प्रथम सुरू झाले, तेही मुंबई, पुणे व नागपूर या महाराष्ट्रातील तीन केंद्रांवर. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये आठवड्यामागून आठवडे सादर झालेल्या ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या गीतरामायणाने तर मराठी घरांचे वेळापत्रकच ठरविले होते.

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, पुढे एक वेगळीच घडामोड झाली. संगीताला अधिक निर्मळ ध्वनीची गरज असल्याने ते कंप्रता-विरूपणाच्या, म्हणजे एफएमच्या, वाहिन्यांवर गेले आणि मध्यमलहरींवर उरले ते बोलणे. चर्चा, वादविवाद आणि दूरध्वनीवरून श्रोत्यांशी होणारा संवाद यांना वाहिलेली केंद्रे त्यातून उभी राहिली. आपल्याकडे बोलणे मध्यमलहरींवर आरंभापासूनच होते. फक्त श्रोत्याचा वाटा दूरध्वनीऐवजी पोस्टकार्डाने उचलला जात असे. उत्तराला आठवडा लागे, परंतु आपल्या गावाचे नाव रेडिओवरून उच्चारले जाणे यात गावाला जो आनंद होई, तो सर्वांच्या परिचयाचा आहे.

बदललेले आकाश

१८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली व तिच्यासाठी एक हजार किलोवॅटचा महाप्रक्षेपक नागपूरलाच उभारण्यात आला. देशाच्या मध्यभागी असलेले स्थान रात्रीच्या प्रक्षेपणाला सोयीचे होते. मात्र त्यानंतरच्या काळात वारे फिरले. घरोघर दूरचित्रवाणी आली. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. १९९७ पासून आकाशवाणी प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाच्या अखत्यारीत आली. खाजगी वाहिन्यांना परवानगी मिळाली ती एफएमवर आणि मुख्यतः शहरांत. २०१८ च्या अखेरीस राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. त्यानंतरच्या वर्षांत देशातील अनेक जुने मध्यमलहरी प्रक्षेपक थांबविण्यात आले.

यामागील कारणे समजण्याजोगी आहेत. मोठ्या प्रक्षेपकांना वीज फार लागते, सुटे भाग दुर्मीळ झाले आहेत, उंच मनोऱ्यांना विस्तीर्ण जागा लागते. एफएमचा ध्वनी स्वच्छ असतो व भ्रमणध्वनीवर आकाशवाणीचे कार्यक्रम आंतरजालाद्वारे ऐकता येतात. परंतु एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. घाटाआडच्या गावाला त्या दुरावतात. आंतरजालावर ऐकण्यासाठी संपर्कयंत्रणा अखंड असावी लागते व वादळ-अतिवृष्टीत नेमकी तीच प्रथम कोलमडते. मध्यमलहरींचा साधा संच मात्र दोन लहान सेलवर चालतो आणि त्याला शेकडो किलोमीटरांवरील एकच केंद्र पुरते. आपत्तीच्या काळात हा फरक माणसांच्या जिवाशी निगडित असतो.

स्थानिक शब्दाचे मोल

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याच वर्षी विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. औषधाच्या डब्यावर सूचना छापलेल्या असतात, शासनाची परिपत्रके निघतात, भ्रमणध्वनीवर संदेशही येतात. तथापि, वाऱ्याच्या दिशेने फवारावे, उपाशीपोटी फवारू नये, तोंडाला फडके बांधावे, या गोष्टी मजुराला त्याच्या बोलीत, हंगामाच्या ऐन दिवसांत आणि पुन्हा पुन्हा कोणी सांगितल्या, हा प्रश्न शिल्लक राहतो. माहितीच्या साधनांची संख्या वाढली म्हणजे माहिती पोचलीच असे नाही, हे पुण्याच्या प्रयोगाने १९५६ मध्येच दाखवून दिले होते.

या संदर्भात सामुदायिक नभोवाणीचे धोरण महत्त्वाचे ठरते. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना व कृषी विज्ञान केंद्रांना अल्पशक्तीची एफएम केंद्रे चालविण्याची मुभा देण्यात आली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी संस्थेने २००८ मध्ये असे केंद्र सुरू केले व तेथे गावातील स्त्रिया स्वतः निवेदन करू लागल्या. अशा केंद्राचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरांचाच असतो. परंतु उंद्रीसारखे गाव व भोवतालची वाडीवस्ती यांना तेवढा पुरेसा आहे. नागपूरच्या तीनशे किलोवॅटने जे अंतर कापले ते भूगोलाचे होते. बोलणारा व ऐकणारा यांच्यामधील अंतर कापण्याचे काम गावातील लहान केंद्र अधिक चांगल्या रीतीने करू शकेल.

अर्थात, केंद्र उभारणे सोपे आणि ते वर्षानुवर्षे बोलते ठेवणे अवघड. त्यासाठी कार्यक्रमांना लागणारा पैसा, प्रशिक्षित तरुण-तरुणी, कृषी विद्यापीठाचे व आरोग्य केंद्राचे सहकार्य आणि मुख्य म्हणजे केंद्रासमोर बसून ऐकणारे व नंतर बोलणारे श्रोतृमंडळ हवे. ग्रामपंचायत, महिला बचत गट आणि शाळा यांनी मनावर घेतल्यास असे मंडळ उभे राहणे कठीण नाही. सायंकाळच्या अर्ध्या तासासाठी वीसजणांनी एकत्र यावे, ऐकावे, वाद घालावा आणि ठरलेले कागदावर उतरवून केंद्राकडे पाठवावे, एवढेच त्यासाठी करावयाचे आहे.

मध्यमलहरींचे मनोरे आज ना उद्या इतिहासजमा होतील. त्यांनी वऱ्हाडच्या खेड्याला देशाशी जोडले, शेतकऱ्याला विद्यापीठाशी जोडले आणि बोलीभाषेला प्रतिष्ठा दिली, याची नोंद राज्याच्या विकासाच्या इतिहासात कृतज्ञतेने व्हावयास हवी. लहरीचा प्रकार कोणताही असो. गावाने विचारावे आणि केंद्राने उत्तर द्यावे, ही परंपरा मात्र खंडित होऊ देता कामा नये.